एका रांजणाचे तीन आकडे

मलायर, २० आबान

आदरणीय अमूजान,

हे पत्र मी दोनदा लिहिले. पहिल्यात आकड्यांवर खाडाखोड झाली होती. खाडाखोड केलेला आकडा कोणी खरा मानत नाही, म्हणून ते फाडले.

इथल्या द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेने शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, कारखाना काढला आहे. त्यात शिरका तपासणाऱ्याची एक जागा आहे. खिडकीजवळ टेबल, काचेच्या नळ्या, पांढरा कोट. तिथल्या इंजिनियर राद यांनी मला शिक्षण विचारले. मी म्हणालो, "नववी. मग बाबा गेले." ते म्हणाले, "नववीवाल्याला मी कसा घेऊ?" मी माझी मोजमापांची वही पुढे केली. त्यांनी बरीच पाने उलटली आणि म्हणाले, "घरच्या रांजणातल्या शिरक्याच्या तीन बाटल्या भर. प्रत्येकीवर आम्लाचा तुझा आकडा लिही. जवळजवळ तीन महिने आहेत, पंधरा बहमनपर्यंत आण. हमदानच्या प्रयोगशाळेचा आकडा तुझ्याशी जुळला तर टेबल तुझं. शिरका चांगला की वाईट, ते मला नको. आकडा जुळला पाहिजे."

सगळे आकड्यावर आहे, आणि आकडाच हाती येत नाही.

तुम्ही मागे शिकवलेत तसेच करतो. सिरिंजने पाच मिली शिरका काढतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या हळदीचे चार थेंब टाकतो. मग कॉस्टिक सोड्याचे पाणी दुसऱ्या सिरिंजने थेंबाथेंबाने सोडतो. पिवळ्याचा तांबडा झाला आणि ढवळूनही तांबडा राहिला, की थांबतो. किती सोडा लागला त्यावरून आम्ल किती ते काढतो. शिरक्यात शंभराला पाच आम्ल हवे. आमच्या रांजणाचा आकडा रविवारी ३.१ आला, मंगळवारी ३.९, गुरुवारी २.६. शिरका तोच, हात तोच.

मादरला सांगितले, "यंदा रांजण कमी आंबट आहे."

"कोण म्हणतं?"

"सोडा म्हणतो."

"सोड्याला जीभ आहे का?" तिने डाव घेतला, घोटभर प्यायली, ओठ चाटले. "पाच लिही. सहा लिहिलंस तरी कोणी भांडायला येणार नाही."

तुम्हाला ठाऊकच आहे, रांजणाचे चाळीस दिवस भरले की सगळी गल्ली आपापल्या शिरक्याचा डाव घेऊन हिच्याकडे येते. ही चाखते आणि सांगते, "अजून दहा दिवस," किंवा "आता तोंड बांध." त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. त्या जिभेसमोर मी सिरिंज घेऊन उभा आहे. गल्लीतली मुले मला डॉक्टर म्हणू लागली आहेत.

माझे काय चुकते ते कळवा. झोप लागत नाही.

आपला,
नौजर

*

तुर्बत, १ आजर

नौजर जान,

झोप लागत नसेल तर आकडे मोजत जा, लागेल.

तुझ्या काकानं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. तिथली पहिली अक्कल ही, की आपल्या हातावर संशय घ्यायच्या आधी बाटलीवर घ्यावा. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी पितो, हवेतला वायूही खातो. आमच्या जुन्या मॅनेजरसारखा, फुकटचं काही सोडत नाही. आज त्याची ताकद एक, परवा दुसरी. तू बूच उघडं ठेवलं असशील.

तेव्हा असं कर. लिंबूसत्त्व आण, कोरडं, दाणेदार. सोनाराच्या तराजूवर तोलून घे. ते पाण्यात विरघळव आणि तुझा सोडा त्यावर चालव. लिंबूसत्त्व किती ते तुला माहीत, म्हणजे सोडा किती ताकदीचा ते कळेल. शिरका मोजायच्या आधी दर वेळी हे करायचं. कंटाळा आला तरी करायचं.

दुसरं, शेजारच्या कोणाचा तरी शिरका त्याच दिवशी, त्याच सोड्यानं मोज.

तिसरं. वहीत तू हवा कशी होती ते लिहितोस, हळद कोणत्या दुकानातली ते लिहितोस. डाव रांजणात किती खोल बुडवला, ते का लिहीत नाहीस?

तुझ्या आईला, तूबा खानमना, सलाम. त्यांना म्हणावं, सोड्याला जीभ नसते म्हणूनच तो खोटं बोलत नाही.

हशमत

*

मलायर, १३ आजर

आदरणीय अमूजान,

सर्व सांगितल्याप्रमाणे केले. सोनार तराजू देईना. "शिरक्याच्या हाताने माझं तागडं धरू नकोस," म्हणाला. शेवटी त्यानेच तोलून दिले आणि वर विचारले, "लिंबूसत्त्वाची अंगठी करणार का?"

सोड्याची ताकद थोडी उतरली होती, ती नवीन धरली. मग शेजारच्या इशरत खानमचा शिरका मोजला. ५.२. पुन्हा ५.२. तिसऱ्यांदाही ५.२.

मग आमचा. आता खोली लिहितो. वरचा ४.०, मधला ३.१, तळाचा २.४. प्रत्येक तीनदा मोजला, प्रत्येक तीनदा तोच आला. म्हणजे हात चुकत नाही. पण एकाच रांजणात तीन शिरके कसे असतील? दूध आहे का, वर साय यायला?

मादरला इशरत खानमचा आकडा सांगायला नको होता. ती भांडी आपटत म्हणाली, "तिचा पाच आणि माझा तीन? त्या घरात सासूसुद्धा कधी आंबट झाली नाही, शिरका कुठला होतोय! तुझा बाप गेला तेव्हा त्या रांजणावर हे घर उभं राहिलं. त्याच्यात सुया टोचतोस?"

मी म्हणालो, "सुई काढलेली आहे. नुसती सिरिंज आहे."



यंदाचे सालच वाईट आहे. द्राक्षांची काकवीसुद्धा बिघडली. काळपट झाली आणि आंबट लागते. मादर म्हणते, द्राक्षे कच्ची तोडली. बरण्या तिने फळीवर मागे सरकवून ठेवल्या आहेत, पाहुण्यांना देत नाही. शिरका आंबट नाही आणि काकवी गोड नाही.

संस्थेत निकाल फळ्यावर लावतात. रांजण कोणाचा, आकडा किती, पास की नापास. बाटल्यांवर काय लिहू ते लवकर कळवा.

आपला,
नौजर

*

तुर्बत, २२ आजर

तूबा खानम,

हे पत्र नौजरला दाखवू नका. साक्षरता वर्गात तुम्ही वाचायला शिकलात असं तो मागे म्हणाला होता, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो.

मुलाचा हात बरोबर आहे. त्याच्याच पत्रातून मला कळलं, त्याला मात्र कळलं नाही. काकवी करायच्या रसात आपण पांढरी माती टाकतो. माती रसातला आंबटपणा खाते, म्हणून काकवी गोड होते. शिरक्याच्या रसात माती टाकायची नसते. यंदा तुमची काकवी आंबट झाली आणि शिरका फिका. अंगणात दोन हंडे शेजारी शेजारी असतात. अदलाबदल झाली. मातीचा रस रांजणात गेला आणि कोरा रस कढईत. माती अजून रांजणाच्या तळाशी आहे आणि होईल तेवढं आम्ल खाते आहे, म्हणूनच तळाचा आकडा सगळ्यात कमी.

चूक कोणाच्याही हातून होते. पण मला एक उमगत नाही. हंडा उचलायच्या आधी तुम्ही बोट बुडवून चाखता. लग्न होऊन आलात तेव्हापासून बघतो आहे. माती टाकलेला रस आणि कोरा रस तर लहान पोरालाही ओळखू येतो.

यंदा चाखला नाहीत का?

हशमत

*

मलायर, १ दै

हशमत आगा,

मी हे स्वतः लिहिते. चुका काढू नका. नौजर चुका काढतो म्हणून त्याला काही लिहून दाखवत नाही.

चाखला. दोन्ही चाखले.

उन्हाळ्यात मला ताप आला होता. बारा दिवस. ताप गेला तो जीभ घेऊन गेला. आधी वाटलं येईल परत. चहा गरम आहे तेवढं कळतं. मीठ हातानं टाकते, मुठीला माहीत आहे. दोन्ही हंड्यात बोट घातलं, दोन्ही पाणी. मग वाटलं डावीकडचा शिरक्याचा, दर साली डावीकडेच असतो. यंदा नळाची दुरुस्ती होती, हंडे फिरवले होते. काकवी इशरतनं चाखली आणि तोंड वाकडं केलं तेव्हा समजलं.

गल्लीतल्या बायका डाव घेऊन येतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. कोणाला भीती वाटत असेल तिला म्हणते अजून दहा दिवस. जिचा चेहरा खुशीत असेल तिला म्हणते बांध तोंड. अजून चुकलं नाही. सतरा घरं झाली.

नौजरला सांगू नका. तो वहीत लिहील. फळ्यावर माझं नाव लागेल. तुमच्या भावानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, पण तो नाही. त्याला सांगा जिभेचं ऐक. तुमचं तो ऐकतो.

तूबा

*

तुर्बत, १० दै

नौजर जान,

उत्तराला उशीर झाला. गुडघा दुखत होता.

मोठ्या रांजणाचं असंच असतं, वर एक आणि खाली एक. यंदा थंडी लवकर पडली, शिरका पिकला नसेल. ढवळू नकोस, टोचू नकोस, राहू दे.

तूबा खानमच्या जिभेला चाळीस वर्षांचा अनुभव आहे आणि तुझ्या सोड्याला चाळीस दिवसांचा. दोघांचं पटलं नाही तर जिभेचं ऐक.

गुडघ्यामुळे जास्त लिहीत नाही.

हशमत

*

मलायर, १९ दै

आदरणीय अमूजान,

तुमचे पत्र मी पाच वेळा वाचले. ते तुमचे वाटत नाही. अक्षर तुमचे आहे.

तुम्हीच लिहिले होते, सोड्याला जीभ नसते म्हणून तो खोटे बोलत नाही. आता लिहिता, जिभेचे ऐक. गेल्या महिन्यात मी चौसष्ट वेळा मोजले. बोटांची कातडी सोड्याने सोलली आहे. इशरत खानमचा बरोबर येतो. तिच्या जावेचा येतो. गल्लीतल्या सहा घरांचा येतो. फक्त माझ्या स्वतःच्या घरी मी वेडा ठरतो. मादर म्हणते पाच, तुम्ही म्हणता जिभेचे ऐक. मग चुकणारा एकटा मीच राहतो.

काल मी सिरिंज अंगणात फेकली. मग उचलून धुतली. फेकतानाही जपून, चिमटीतच धरली होती.

ठरवले आहे ते कळवतो. तिन्ही बाटल्यांवर ५.० लिहिणार. मादरला सांगितले. वाटले होते खूश होईल. ती म्हणाली, "लिही," आणि कांदा चिरायला बसली. हमदानचा आकडा जुळला तर तुम्ही दोघे बरोबर होतात. नाही जुळला तर टेबल दुसऱ्या कोणाला मिळेल, आणि ते बरोबरच होईल. ज्याला स्वतःचा आकडा कळत नाही त्याने दुसऱ्याचा शिरका तपासू नये.

गुडघ्याला जपा.

नौजर

*

तार. तुर्बत, २८ दै

आकडा बदलू नकोस. हात बरोबर. मी खोटं लिहिलं. पत्र येतंय. हशमत

*

तुर्बत, २८ दै

नौजर जान,

गुडघा धडधाकट आहे. तेही खोटंच होतं.

तुझं पत्र आज दुपारी आलं. वाचून झालं तसाच उठून तार करायला गेलो. एकतीस वर्षांत मी कारखान्याच्या एकाही मालकासाठी आकडा फिरवला नाही. त्यापायी दोनदा बदली झाली. आणि तुझ्या बाबतीत, आकडा सोड, तुझा हातच खोटा पाडला. का, ते मी सांगणार नाही. ते माझं नाही. पण रांजणात काय आहे ते तू स्वतः शोधू शकतोस.

आम्ल आणि माती एकमेकांना मारतात तेव्हा मागे मीठ उरतं. जेवणातलं नव्हे, मातीचं मीठ. ते शिरक्यात विरघळून राहतं, डोळ्याला दिसत नाही, जिभेला सहसा लागत नाही. त्याला बाहेर काढायचं. दोन पेले घे. एकात इशरत खानमचा शिरका, दुसऱ्यात तुमचा तळाचा, गाळून. दोन्हींत हळद तांबडी होईपर्यंत कॉस्टिक सोडा घाल, म्हणजे आम्ल संपलं. मग दोन्हींत धुण्याच्या सोड्याचं पाणी चमचाभर टाक. पंधरा मिनिटं थांब. बघ.

बघितल्यावर तुझं डोकं हंड्यांपर्यंत जाईल. तिथं पोचलास की आवाज चढवू नकोस. आधी बस. मग विचार.

आणि बाटलीवर खरं लिही. चुलत्याच्या सांगण्यावरून नाही आणि आईच्याही नाही.

हशमत

*

मलायर, ९ इस्फंद

आदरणीय अमूजान,

इतके दिवस लिहिले नाही, कारण रागावलो होतो. अजून थोडा आहे.

तार आली तेव्हा रिकाम्या बाटल्यांवर ५.० चे कागद चिकटवून झाले होते. ते भिजवून काढले. पत्र सहा बहमनला आले. इशरत खानमचा पेला जरासा धुरकटला, तेवढेच. आमचा ताकासारखा पांढरा झाला. खाली बोटभर साका बसला. मी तो पेला पुढे ठेवून किती वेळ बसलो ते वहीत लिहिलेले नाही.

तुम्ही सांगितले होते, आधी बस. मी मादरसमोर बसलो. ती मनुके निवडत होती.

"हंडे बदलले होते," मी म्हणालो.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"काकवी झाल्यावर कळलं."

"पण तू तर आधी चाखतेस. चाखलं नव्हतंस का?"

ती मनुके निवडतच राहिली. देठ एकीकडे, मनुके एकीकडे. मग म्हणाली, "दोन्ही पाणी लागले."

मला कळायला वेळ लागला. मी म्हणालो, "पण तू डाव प्यायलीस. माझ्यासमोर. ओठ चाटलेस."

"मग काय करणार होते, रडणार होते?" ती म्हणाली. "घशाला पोळलं तेवढं कळलं. पोळतंय म्हणजे पाच."

अमूजान, मी आवाज चढवला. तुमचे ऐकले नाही. म्हणालो, "तीन महिने मी स्वतःला वेडा समजत होतो!" ती म्हणाली, "आणि मी सहा महिने स्वतःला मेलेली समजते आहे. ओरड अजून. इशरत भिंतीला कान लावून आहे, तिलाही नीट ऐकू जाऊ दे."

मी तिला म्हणालो, इशरत खानमच्या रांजणातून बाटल्या भरतो. आकडा ५.२, पक्का. कोणाला कळणार नाही, आणि फळ्यावर तुझे नाव लागणार नाही. हे मी म्हणालो, अमूजान. खोटा आकडा नको म्हणून तीन महिने रडलो आणि बाटली खोटी द्यायला निघालो.

तिने मनुक्यांची परात बाजूला केली, लांब डाव घेतला आणि रांजणाचे तोंड सोडले. "एक वरची, एक मधली, एक तळाची," ती म्हणाली. "धर बाटली. हलवू नकोस."

"फळ्यावर लागेल."

"वाचता येतं मला."

मी ४.०, ३.१ आणि २.४ लिहिले. इंजिनियर राद यांनी बाटल्या पाहिल्या आणि विचारले, "एकाच रांजणाचे तीन आकडे? चेष्टा करतोस?" मी म्हणालो, "हमदानला विचारा."

गेल्या आठवड्यात हमदानचा कागद आला. ४.०, ३.०, २.४. राद साहेबांनी तो दोनदा वाचला. टेबल मिळाले, पण पुरते नाही. नववीवाल्याची सही चालत नाही. मोजायचे मी आणि सही करायची त्यांच्या भाच्याने, त्याच्याकडे दाखला आहे. तो हळदीचा पिवळा आणि तांबडा यांत गोंधळतो. रात्रशाळेचा फॉर्म आणला आहे. त्यात वडिलांच्या सहीची जागा आहे. तिथे काय लिहायचे ते कोणी सांगत नाही.

फळ्यावर कागद लागला. "तूबा, नापास." पहिले दोन दिवस गल्लीतले कोणी आमच्या दारावरून गेले नाही, सगळ्यांना अचानक दुसरीकडची कामे निघाली. तिसऱ्या दिवशी इशरत खानम डाव घेऊन आली आणि दारातच ओरडली, "तूबा, खरं सांग, माझा रांजण चाखलास तेव्हाही पाणीच लागलं होतं?"

"पाणीच."

"आणि छातीठोक सांगितलंस, बांध तोंड?"

"तुझ्या तोंडावरून सांगितलं. तुझा चेहरा कधी खोटं बोलत नाही, इशरत. म्हणून तर तू पत्त्यात हरतेस."

इशरत खानम हसली नाही. डाव मादरच्या हातात न देता तिने माझ्यापुढे धरला. मादरने ते पाहिले आणि आत गेली. मी मोजून ५.२ सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आंबट का?" मी होय म्हणालो. खात्री करायला तिने तिथेच स्वतः चाखला.

आता घरातले. मादर अजून मुठीच्या अंदाजाने स्वयंपाक करते, पण मुठीवरचा तिचा विश्वास उडाला आहे. काल मटणाचे आबगूश्त केले. माझ्यापुढे वाटी ठेवली आणि ती उभी राहिली.

"मीठ?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक म्हणजे किती?"

"ठीक म्हणजे ठीक."

"शिरक्याचा दशांशापर्यंत सांगतोस आणि आईच्या मिठाला ठीक?" तिने चमचा वाटीत आपटला. "आकडा सांग."

मी पुन्हा चाखले. मला खरेच सांगता आले नाही. जेवण निवले तरी ती बसली नाही.

अमूजान, मीठ घरी कसे मोजतात ते उलट टपाली कळवा.

आपला,
नौजर